लहानूभाऊची उलटतपासणी

आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या सावलीत गाडी उभी करून इंदुताईंनी अर्धा तास डोळा लावला, आणि तेवढ्या वेळात गुणवंतरावांनी पंप खोलला. जुन्या मिनी बसची त्यांनी हौसेने कॅरॅव्हॅन करून घेतली होती. मागे पलंग, मध्ये शेगडी, बेसिन आणि बेसिनखालच्या कप्प्यात टाकीतलं पाणी नळाला पोचवणारा, पावाच्या लादीएवढा पंप. नळ बंद असला तरी तो अधूनमधून टकटक करायचा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते सोसवेना. त्यांनी दोन्ही नळ्या उपटल्या, पंप रुमालाने पुसला, त्यात फुंकर मारली आणि सगळं होतं तसं (असं त्यांना वाटलं) बसवलं. टकटक गेली. तिच्या जागी अखंड घरघर आली आणि पाणी मात्र बंद झालं.

इंदुताई उठल्या, नळ सोडला, नवऱ्याकडे पाहिलं. "मोटर गेली दिसते," गुणवंतराव म्हणाले. नळाला पाणी असेल तरच येईन, या एका अटीवर बाई या पहिल्या प्रवासाला निघाल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की तीनला चंद्रपूरची एसटी आहे. तोवर पाणी आलं नाही तर त्या मुलीकडे जातील. मग ही गाडी अंगणात उभी राहील आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतील, हे गुणवंतरावांना स्पष्ट दिसलं.

चहाच्या टपरीवर एकच नाव मिळालं, लहानूभाऊ. माणूस हुशार, पण जरा विचित्र. गुणवंतरावांना तेवढं पुरलं. रस्त्यावरचे मिस्त्री चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगार बसवतात, अशी त्यांची जुनी खात्री होती. गाडी त्याच्या दुकानाशी लावण्याआधी त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका पंपाच्या बुडाला गुपचूप लावून ठेवला.

लहानूभाऊ साठीचा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. उमर जंगल खात्याच्या पाण्याच्या टँकरवर गेलेली, आता धानाच्या बांधीवरची, म्हणजे भातखाचरातली इंजिनं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. त्याने कप्प्यात बॅटरी मारली, बुडाखाली हात फिरवला, बोटाला लागलेला लाल रंग निरखला आणि हत्यारांची पिशवी न उघडताच स्टुलावर येऊन बसला.

"हे कोनं खोललं होतं?"

"कोणीच नाही," गुणवंतराव म्हणाले.

मग लहानूने इंदुताईंना मोहाच्या झाडाखाली बोलावून वेगळं विचारलं. नवरा-बायको आले की तो नेहमी असंच करायचा. लांबून गुणवंतरावांना एवढंच दिसलं की दोघं हळूहळू मान हलवत आहेत. हा मिस्त्री आहे की जमादार? आणि आपली बायको त्याला इतकं काय सांगून राह्यली?

बाईंनी सांगितलं होतं ते एवढंच, की यांनाच विचारा.

परत आल्यावर लहानूने डावा हात पुढे केला. दोन बोटं वाकत नव्हती. एका शेतकऱ्याने लाइन बंद केली म्हणून सांगितलं होतं, ती चालू होती. तेव्हापासून मालक सगळं सांगत नाही तोवर तो कशालाही हात लावत नसे, मग ती विहिरीवरची मोटर असो की बॅटरीवरचं हे खेळणं.

"कोनं खोललं नसन, तर मले समजत नाई. नागपूरवरून नवा पंप बलवा. दोन दिवस लागन."

आला मूळ मुद्द्यावर, गुणवंतराव मनात म्हणाले. नागपूरचा दुकानदार नक्कीच याचा साळा असणार. ते हटून बसले. लहानूही बसला, कानातला मळ काढत. पावणेतीनला इंदुताईंनी गाडीतून आपली पिशवी काढली, चपला झटकल्या आणि रस्त्याकडे वळल्या.

"मी खोलला होता," गुणवंतराव म्हणाले. बाई थांबल्या. मग एकेक करून सगळं बाहेर पडलं. टकटक, उपटलेल्या नळ्या, रुमाल, फुंकर. शेवटी नेलपॉलिशही सांगून टाकलं. ते ऐकताना इंदुताईंच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यापुढे एसटी परवडली असती.

लहानूने आता पिशवी उघडली. पंपाच्या अंगावर कोरलेला बाण त्याने गुणवंतरावांना बोटाने दाखवला. टाकीची नळी पाणी जायच्या तोंडाला होती, बेसिनची यायच्या तोंडाला. त्याने दोन्ही अदलाबदल केल्या. मग बेसिनखालच्या एका जोडावरून बोट फिरवलं, ते ओलं निघालं. तिथून थेंब थेंब गळून दाब कमी व्हायचा, तो भरून काढायला पंप टकटक करायचा. त्याने तो जोड आवळला आणि बटण दाबलं. नळ आधी खोकला, मग भळाभळा वाहू लागला. इंदुताईंनी तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि पिशवी पुन्हा पलंगाखाली सरकवली. मागून एसटी हॉर्न वाजवत निघून गेली.

गुणवंतरावांना हायसं वाटलं, पण मनातली अढी काही जाईना. "तुम्हाला तर बॅटरी मारली तेव्हाच दिसलं होतं, लहानूभाऊ. मग एवढा वेळ काऊन बसवून ठेवलं?"

लहानू हत्यारं पुसत म्हणाला, "पंप तवाच बोलला भाऊ, तुमालेच टाइम लागला."