पहिलं बटण हिराबाईंचं

इरा, निषाद, या रविवारी तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर आमची सिस्टिम टाकणार आहात, असं बाबा म्हणाला. मध्येच एक स्क्रीन तुम्हाला डिस्कचं नाव टाइप करायला लावेल. तुम्ही वैतागाल. म्हणून आधीच लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, कराडच्या कॉलेजातून रिटायर झाल्यावर मी या सिस्टिमच्या इन्स्टॉलरचं टेस्टिंग करते. सिस्टिम फुकट आहे, जगभरचे लोक मिळून बनवतात. इन्स्टॉलर म्हणजे ती कॉम्प्युटरवर बसवून देणारा प्रोग्रॅम. नवी आवृत्ती आली की मी ती जुन्या मशीनवर बसवून बघते.

असंच एक मशीन तासगावच्या हिराबाईंचं होतं. त्यांचा मुलगा सुनील फौजेत होता. अपघातात गेला. सुट्टीवर आला की बेदाण्याच्या शेडवर व्हिडिओ काढायचा. ते सगळे त्या लॅपटॉपवर होते, आणि लॅपटॉपची जुनी सिस्टिम आता सुरूच होत नव्हती. सुनीलची बायको संगीता माझी विद्यार्थिनी. तिने मला बोलावलं.

नवी सिस्टिम बसवायला मी इन्स्टॉलर सुरू केला. ‘डिस्क पुसायची का?’ या प्रश्नावर तो थांबवून मी व्हिडिओ कॉपी करायला पिशवीतला पेनड्राइव्ह शोधू लागले. संगीताला वाटलं, तयारी झाली. ती हळदकुंकू घेऊन आली आणि सासूबाईंना म्हणाली,

“आत्या, पयला मान तुमचा. हितं दाबा.”

“मला काय कळतंय गं त्यातलं?”

“ट्रॅक्टरची किल्ली कळत हुती व्हय? तवा बी तुमीच फिरवली की!”

हिराबाईंनी कीबोर्डला कुंकू लावलं आणि एंटर दाबलं. ‘पुसा’ हे बटण आधीच निवडलेलं होतं.

मी धावत जाऊन मशीन बंद केलं. काय झालं ते सांगावंच लागलं.

“माझ्याच हातानं लेकराचा आवाज गेला व्हय, बाई?”

“आत्या, मीच म्हनलं दाबा म्हनून,” संगीता म्हणाली आणि त्यांचा हात धरून बसली.

डिस्क घरी आणून रिकव्हरी लावली. पुसलेल्यातलं जे सापडेल ते परत आणायचं. दरम्यान मी प्रोजेक्टला कळवलं. इन्स्टॉलर सांभाळणारा तरुण परदेशात असतो. त्याचं उत्तर आलं, “इशारा लाल अक्षरांत आहे. माणसाने वाचून दाबावं.”

मी लिहिलं, “आमच्याकडे वाचतो एक आणि दाबतो दुसरा. नव्या यंत्राचं पहिलं बटण घरातल्या मोठ्या माणसाचं. तुमचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.”

त्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “मग त्या आजींना दाबायला काय द्यायचं?”

त्यावर आम्ही दोघांनी काम केलं. आता पुसण्याच्या स्क्रीनवर कुठलंच बटण आधी निवडलेलं नसतं, डिस्कचं नाव टाइप करावं लागतं. आणि सगळं नीट पार पडल्यावर, अगदी शेवटी, ‘सुरू करा’ असं एक मोठं बटण येतं. ते कुणीही दाबावं. त्याने काही बिघडत नाही.

धडा साधा आहे. आधी कॉपी, मग पूजा.

सुनीलचे बहुतेक व्हिडिओ गेले. एक उरला आहे. त्यात हिराबाई बेदाणा निवडत आहेत. सुनील दिसत नाही, पण “आये, हिकडं बघ की” हे ऐकू येतं.