पुण्याला कोणी जाणारं आहे का?

आमच्या सिहोऱ्यात कोणाला पुण्याला जायचं असलं की तो आधी भोजराजभाऊंच्या गल्लीतून जाणं बंद करतो. कपड्यांची बॅग खताच्या पोत्यात घालून बस स्टँडवर नेणारे मी पाहिले आहेत. डोमा तर "तुमसरले दाताच्या डॉक्टरकडे चाललो" असं सांगून निघाला आणि थेट पुण्यात उतरला. परत आल्यावर महिनाभर गालावर हात धरून फिरत होता बिचारा.

कारण असं की भोजराजभाऊंची एकुलती एक मुलगी रक्षा पुण्यात दिलेली आहे, आणि सामान पाठवायला पैसे मोजणारा माणूस मूर्ख असतो, यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे.

"गाडी तं तशीबी जातेच ना जी! मानूसबी तसाच जाते. मंग आपलं एक पोतं गेलं तं कोनाचं काय गेलं?"

नेणाऱ्याचा खांदा गेला, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नाही. रक्षाच्या लग्नाला पाच वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी तांदूळ, पोहे, लाखोळीची डाळ, शिलाई मशीन आणि एक लोखंडी कपाट पुण्याला पोचवलं. कपाटाचे दरवाजे एकाबरोबर गेले, धड दुसऱ्याबरोबर. शिलाई मशीन मी नेलं. मी नोकरीच्या मुलाखतीला चाललो होतो. साहेबांनी हात मिळवायला हात पुढे केला तर माझा कोपराच्या वर उठेना. नोकरी मिळाली नाही ती नाहीच, वर गावात आल्यावर ऐकलं काय, तर "मशीनचा पट्टा ढिल्ला करून देला यानं."

स्वतः भोजराजभाऊ मात्र एकदाही पुण्याला गेले नाहीत. "मी जाऊन काय करू? तांदूळ पोचला म्हनजे मीच पोचलो," असं म्हणायचे. कुंताबाई, त्यांची बायको, रक्षाच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात तांदळाचं लहान पोतं. भोजराजभाऊ स्टेशनवर गाडीकडे हात हलवून परतले.

रक्षाला मुलगी झाली आणि पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, आपला सागवानी पाळना पायजे. माह्या पोरीचं बारसं त्याच पाळन्यात करतो मी. अना वरवंटाबी लागते, इथं मिक्सर आहे नुसता."

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, तेव्हा तो हवाच. पण पाळणा म्हणजे गंमत नव्हती. भोजराजभाऊंच्या आजोबांनी करवून घेतलेला, चार पितळी साखळ्यांचा, दोन माणसांना उचलताना घाम फोडणारा. त्यात भोजराजभाऊ झोपले होते, रक्षा झोपली होती. आजवर जे गेलं ते बापानं आपल्या मनानं पाठवलेलं. लेकीनं तोंड उघडून काही मागायची ही पहिलीच वेळ. बारसं दहा-बारा दिवसांवर होतं. भोजराजभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेले दिसले.

गावभर विचारणा सुरू झाली. "पुन्याले कोनी जाऊन रायलं का?" कोणीही जात नव्हतं. ज्यांची पोरं पुण्यात नोकरीला होती तेही शपथेवर सांगू लागले की पोराशी बोलणं बंद आहे. मग त्यांना जवाहरनगरचा भुपेंद्र आठवला. हा त्यांचा मावसभाऊ, तिथल्या सरकारी फॅक्टरीत नोकरीला. बदली झालेल्या माणसाचं सामान ट्रकने जातं आणि ट्रक अर्धा रिकामा असतो, हे भोजराजभाऊंना पाठ होतं. पुण्याला बदली कोणाचीच नव्हती.

"मंग तूच काहून नाही करून घेत बाप्पा?" भोजराजभाऊ म्हणाले. भुपेंद्रने चहा दिला आणि पुन्हा फोन उचलला नाही.

शेवटी नाइलाजाने ते तुमसरच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेले. त्याने टेप लावून पाळणा लांब, रुंद, उंच मोजला. भोजराजभाऊंना वाटलं कौतुकाने मोजतो आहे.

"काका, याचं भाडं वजनावर नाही. जागेवर लागते."

"म्हनजे आतल्या हवेचेबी पैसे घेतेस का रे?"

"हवा नाही काका, जागा."

"मंग मी त्यात तांदूळ भरून आनतो. जागा उरनारच नाही."

"मंग वजनावर लागते."

भोजराजभाऊ पाळणा घेऊन घरी आले. त्यानंतर मी त्यांना ओसरीवर त्याच्याशेजारी बसलेलं पाहिलं, आणि खरं सांगतो, शिलाई मशीन विसरून मला वाईट वाटलं. तेवढ्यात कुंताबाईचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"रक्षाचे बाबा, भेटलं का कोनी जानारं?"

"नाही वो. समदा गाव घरीच बसून रायला."

"मंग तुमी काय करून रायले?"

"बसलो आहो."

"मंग तुमीच काहून नाही येत?"

जाणारा माणूस आपणही असू शकतो, हे पाच वर्षांत भोजराजभाऊंच्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्यांनी तिकीट काढलं आणि ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. मग काय विचारता! ज्यांचं पुण्यात कोणी नव्हतं त्या सगळ्यांचे नातेवाईक एकाएकी उगवले. सोमाजीने भाच्यासाठी तांदूळ आणला. डोमाने लोणच्याची बरणी आणली आणि वर "गाडी तं तशीबी जातेच ना जी!" असं त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. मी पुण्यातल्या मावशीसाठी लाकडी उखळ दिलं. मावशीला उखळ हवं होतं का, ते मी विचारलं नव्हतं. भोजराजभाऊ कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तुमसर रोड स्टेशनवर त्यांना गाडीत चढवायला आम्ही सगळे गेलो. पाळणा सुटा करून बाकाखाली सारला, पोती त्याच्यावर रचली, वरवंटा त्यांनी धोतराच्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. इतकं मनापासून आम्ही कोणाला कधी निरोप दिला नसेल.

पुढचं कुंताबाईने सांगितलं. भोजराजभाऊ फ्लॅटमध्ये पोचले, पाणीही न पिता त्यांनी पाळणा जोडला, साखळ्या लावल्या आणि वर पाहिलं. वर लाकडी आढं नाही, कडी नाही, नुसता पांढरा स्लॅब. एकच हुक, त्याला पंखा. पंख्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं तेव्हा जावई पंखा सुरू करायच्या तयारीने बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"रक्षा, हा टांगाचा कुठं?" त्यांनी साखळी उचलून दाखवली. "एवढा आनला मी..."

"कुठंच नाही बाबा. इथं कडी नाही, मले मालूम होतं. मी इथंच तं राहतो."

"मंग मांगितला कायले?"

रक्षाने बाळ त्यांच्या हातात दिलं. "तांदूळ आला, मशीन आली, कपाटबी आलं. सिहोऱ्याहून समदं आलं बाबा, तुमीच तेवढे नाही आले. म्हनून असं काही मांगितलं का तुमच्याबिगर कोनीच आननार नाही."

बारसं पाळणा जमिनीवर ठेवूनच झालं. आधी वरवंटा निजवला, मग बाळ. बायका गाणं म्हणत होत्या, आणि भोजराजभाऊ बाजूला मांडी घालून, डोळे पुसत, जागचा न हलणाऱ्या पाळण्याची साखळी ओढत बसले होते.