वडिलांची पदकं, आईचा पदर

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, यंदाच्या सव्वीस जानेवारीला फौजेचा एक नियम आणि आमच्या पिशोर गावची एक रीत समोरासमोर ठाकली. रणभूमी होती माझ्या आईचा उजवा खांदा.

वडील फौजेत हवालदार होते. ते गेल्यानंतरची ही पहिलीच सव्वीस जानेवारी. माजी सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार ठरला आणि आईला निरोप आला, त्यांची पदकं लावून या. शेजारचे निवृत्त सुभेदार नियम सांगायला जातीनं आले. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर, घरच्यांनी लावायची ती उजव्या. डावीकडं लावाल तर दुसऱ्याचा मान लाटल्यासारखं दिसेल, एवढी भीती घालून ते चहा पिऊन गेले.

आईचं तोंड उतरलं. तिचा पदर डोक्यावरून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढं सुटतो. उजवीकडं काहीही लावा, गेलं पदराआड. पदर काढावा, तर सत्कार बघायला माझे थोरले चुलते गावाहून येणार होते. या थोरल्या दिरापुढं ती उभ्या जन्मात उघड्या डोक्यानं आलेली नव्हती.

मी सुचवलं, पदरावरच लावू. लावली, तर ओझ्यानं पदरच खाली यायला लागला. पिना तोंडात धरून मी तिच्याभोवती नवशिक्या शिंप्यासारखा फिरत होतो. अखेर पोलक्यावर उजवीकडं लावली, वरून पदर.

रिक्षात ती सारखी पदराखाली हात घालून चाचपत होती. मग हळूच म्हणाली, "लोकांना वाटंल, हिनं त्यांची पदकं घरीच टाकली."

एरवी मी लग्नाचा अख्खा मांडव हसवतो. तेव्हा मी नुसतं रिक्षावाल्याला सांगितलं, जरा हळू घे.

मंचावर पाहुण्यांनी तिच्या एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात गुच्छ, आणि वर काखेत मानचिन्ह. दोन्ही हात अडकले. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. आई वळली आणि पदर डोक्यावरून सुटून पाठीवर गेला. उजव्या छातीवर पदकं लखलखली. तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिला दिसत होते फक्त पहिल्या रांगेतले दीर. हनुवटीखाली गुच्छ दाबून ती चाचपडत पदर शोधायला लागली, नारळ निसटता निसटता राहिला.

चुलते खुर्चीतून उठले.  घरातसुद्धा हा माणूस भावजयीशी थेट बोलत नाही, निरोप पोरांकरवी देतो. आणि त्या भरल्या मैदानात ते मोठ्यानं बोलून गेले, "राहू दे बाई, नको घेऊ डोक्यावर. माझा भाऊ दिसायलाय."