दोन्ही बाजूंनी जवळचे

माझे थोरले साडू दवाखान्यांच्या संगणकाला नाती शिकवतात. प्रत्येक नात्याची त्यांच्याकडे एक व्याख्या असते, माणसांसाठी. आणि एक नियम असतो, संगणकासाठी. या दोघांचं भांडण होऊ द्यायचं नाही, याचाच त्यांना पगार मिळतो. घरात त्यांना सगळे काटेकोर म्हणतात. तोंडावरसुद्धा.

मध्यंतरी त्यांना 'जवळचा नातेवाईक' या नात्यात खोट सापडली. व्याख्या म्हणत होती, 'रुग्णाची काळजी घेणारा'. नियम म्हणत होता, नातं दोन्ही बाजूंनी हवं. त्यांचे साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो!" पण जाऊ देतील तर ते काटेकोर कसले? त्यांनी व्याख्या बदलली : 'एकमेकांची काळजी घेणारे'. तेव्हापासून दवाखाना रुग्णालाही विचारू लागला, "हे तुमचे जवळचे का?"

आणि नेमका सासूबाईंना मोतीबिंदू झाला. दोघी मुली, म्हणजे आमच्या बायका, नोकरीसाठी परगावी, म्हणून अर्जावर जवळचा नातेवाईक म्हणून नाव काटेकोरांचं. सगळं सुरळीत होतं. पण शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी सासूबाई शेजारणीला कौतुकानं म्हणाल्या, "जावई कसला, मुलगाच आहे माझा!"

"नाही, आई," काटेकोर म्हणाले. "एकच माणूस जावई आणि मुलगा असू शकत नाही. नियमात बसत नाही."

झालं! अबोला. काटेकोर रोज चार वेळा त्यांच्या डोळ्यांत औषध घालायचे. सासूबाई न बोलता मान वर करायच्या आणि न बोलता खाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "आजी, हे तुमचे जवळचे का?"

"कोण हे? मी नाही ओळखत."

संगणकाचा पडदा लाल झाला : अर्ज रद्द. मी माझं नाव पुढे केलं. सिस्टर म्हणाली, "नवा अर्ज, नवी तारीख. दोन महिन्यांनी."

"अहो, नियम तुमच्याच हातात आहे ना? काढून टाका!" मी काटेकोरांच्या कानात म्हटलं.

"आपल्या सासूसाठी?" ते म्हणाले. "मग व्याख्येनं कुठे जायचं?"

सासूबाईंनी कान टवकारले होतेच. "सिस्टर, त्यांना विचारा, सकाळपासून पोटात काही गेलंय का. उपाशी राहिले की डोकं धरून बसतात. माझ्या पिशवीत बिस्किटं आहेत, ती द्या."

"ऐकलंत?" काटेकोर उडालेच. "काळजी! दोन्ही बाजूंनी!"

"आजी, 'हो' लिहू?"

"लिही बाई. पण जावई म्हणूनच लिही हं. पोटचा पोर एवढा वाद घालत नाही."

काटेकोरांना यावर बरंच म्हणायचं होतं. पण तोंडात बिस्किट होतं.