आंबलेले दात

एप्रिल १९७६ मध्ये, सकाळी जेवताना, माझ्या मामाचा वरचा पुढचा दात कडक भाकरीवर तुटला. दाताचा तुकडा त्याने खडा समजून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवण पूर्ण केले. तो तुकडा मामीने उचलून पाहिला.

मी तेव्हा वळसंगहून कॉलेजसाठी सोलापुरात आलो होतो आणि मामाकडे राहत होतो. एका थिएटरबाहेर मामाचा सरबताचा गाडा होता. लिंबाचे सरबत आणि कैरीचे पन्हे. प्रत्येक घागर तयार झाली की तो एक घोट घ्यायचा, तोंडात बराच वेळ खेळवायचा आणि मग साखर-मिठाचे ठरवायचा. असे दिवसभर. दात आंबायचे. त्यावर आमच्याकडे एकच उपाय होता: कोळशाची पूड आणि मीठ, बोटाने, लगेच, जोर लावून. गाड्यावरून घरी आला की तो आधी मोरीवर जायचा. पत्र्यावर वाळू घासावी तसा आवाज खोलीभर यायचा.

दातांच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेलो. मामीही आली होती.

"घासता कशाने?"

"कोळसा-मीठ. दात आंबले की लगीच. लई वर्षं झाली की."

डॉक्टर म्हणाले, "आंबटाने दाताचे कवच थोडा वेळ मऊ पडते. नेमके तेव्हाच तुम्ही ते खरवडून काढता. आता फारसे उरलेले नाही. आंबट तोंडात धरायचे बंद करा. नाहीतर पुढचे सगळे जातील."

"मग चव कोण बघणार? गिऱ्हाईक?"

"मी बघते की," मामी म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी रोज घरी येऊन सांगताच की, आज लई आंबट झालं म्हणून. मलाबी जीभ हाय."

तेव्हापासून मामी चव घेऊ लागली. घोट खेळवायची तिची रीत हुबेहूब मामाची होती. गिऱ्हाईक मामाला चिडवायचे, "काय मालक, तोंड भाड्यानं घेतलं व्हय?" मामा ओठ मिटून हसायचा. घरी तो भाकरी आमटीत भिजवून खायचा. कोळशाचा डबा त्याने सोडला होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी मी अभ्यासाला बसलो होतो. मामा माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला होता. मोरीवर तोच आवाज सुरू झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

मामी पदराने तोंड पुसत आत आली.

"डागदर काय म्हणाला, इसरलीस?"

"आंबलेल्या दातांनी भाकरी कशी चावू? तुमी गप बसा."

"इकडं ये. उजेडात ये."

तिने ओठ वर केला. पुढच्या दोन दातांच्या कडा काचेसारख्या झाल्या होत्या. दिव्याचा उजेड त्यांतून आत जात होता.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर मामाने तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि पहिला घोट स्वतः घेतला. तिने पेला परत ओढला. त्याने दिला नाही. त्यानंतर तो गाडा होता तोवर चव त्यानेच घेतली.

१९७९ च्या दिवाळीत मी मामाकडे गेलो तेव्हा मामाचे वरचे पुढचे चारही दात गेलेले होते. मामीचे सगळे होते.