फॉलो-अपचा फोन

"तुमच्या केसमधली मुलगी आमच्याकडे ॲडमिट आहे." कल्याणच्या एका दवाखान्यातली नर्स फोनवर एवढंच बोलली. मी तेव्हा ठाण्याच्या ऑफिसात त्याच मुलीचा तिसरा अहवाल लिहीत होतो. 'मुलगी आईजवळ सुखरूप आहे', हे वाक्य लिहून झालं होतं.

मी बालसंरक्षण विभागात कंत्राटी अधिकारी आहे. घरात मारझोड झालेली मुलं बाल कल्याण समितीपुढे येतात. मूल घरी जाणार की बालगृहात, हे समिती ठरवते. घरी गेलं, तर दर महिन्याला तिथे जाऊन बघणं हे माझं काम. त्याला आम्ही फॉलो-अप म्हणतो.

प्राची दहा वर्षांची. दिवा स्टेशनजवळ एका चाळीत राहायची. सावत्र बाप पट्ट्याने मारायचा. समितीने तिला बालगृहात ठेवलं. तिथे ती आईसाठी रोज रडायची. शेवटी बापाने वेगळं राहायचं, या अटीवर तिला आईच्या ताब्यात दिलं. तशी शिफारस मीच केली होती.

पहिल्या महिन्यात मी गेलो नाही, फोन केला. फायली खूप होत्या हे खरं. ठाण्याहून दिवा लांब नाही, हेही खरं. पुढचे दोन महिनेही फोनच केला. आई, सुनीताताई, दर वेळी तेच सांगायच्या. तो येत नाही, सगळं ठीक आहे.

दवाखान्यात प्राचीच्या डाव्या कानावर पट्टी होती. त्या कानाने आता ऐकू येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. बापाला पोलिसांनी पकडलं होतं. मी सुनीताताईंना विचारलं, फोनवर का नाही सांगितलंत?

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तो आठव्या दिवशीच परत आलेला. नंबर त्याचाच आहे. तुमचा फोन आला की स्पीकर लावून माझ्या हातात द्यायचा. तुम्ही विचारायचे, तो येतो का. तो समोरच बसलेला असायचा. काय बोलणार होते मी?"

ऑफिसात येऊन फाईल उघडली. पहिल्याच पानावर, नंबरापुढे, त्याचं नाव माझ्याच अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. प्राची म्हणाली, "सर, मला बालगृहात नेणार ना?"

आईने तिचं पांघरूण सारखं केलं. मान वर केली नाही.

मी अहवाल नव्याने लिहिला: तिन्ही महिने घरी गेलो नाही, बापाच्या नंबरावर फोन केला. आमच्या मॅडमनी तो वाचला. 'फोन केला' असं कशाला लिहिता, 'संपर्क साधला' लिहा, सगळे तेच लिहितात, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही.

"बरं, व्हा हरिश्चंद्र," त्या म्हणाल्या.

मला मेमो मिळाला. मी उत्तर दिलं, ते फायलीला लागलं. पुढे काहीच झालं नाही. माझा करारसुद्धा वाढला.

प्राची बालगृहात आहे. आई भेटायला येते तेव्हा ती तिला उजव्या बाजूला बसवते. आता ती आईसाठी रडत नाही, असं तिथल्या ताई सांगतात. प्रगती म्हणून सांगतात.

नव्याने लागलेल्यांना मी एकच सांगतो. फोन लावण्याआधी तो कोणाच्या खिशात वाजणार आहे, ते बघा. ते मान डोलावतात, आणि जागेवर जाऊन फोनच लावतात.