दोन घड्याळं आणि एक स्थळ

आत्याने आणलेल्या स्थळात आणि माझ्यात एकच गोष्ट सारखी निघाली. दोघांच्याही बायोडेटात छंदापुढे ‘रनिंग’ लिहिलेलं होतं. आमच्या घरी एवढ्यावर लग्न निम्मं ठरलं. मुलगा मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, पुण्यात नोकरीला, हाफ मॅरेथॉन पळणारा. आई म्हणाली, "दोघंही पळता, बरं हाय."

बघण्याचा कार्यक्रम केळझरच्या गणपतीला ठेवला, कारण घरी ठेवला तर आमच्या बोरगाव मेघेत सगळ्यांना कळतं. देवळात आमच्याच गल्लीतल्या काकू भेटल्या, त्याही सहकुटुंब. मी कमी बोलते. मुलाने या गुणाचं कौतुक केलं आणि उरलेला सगळा वेळ स्वतः बोलून भरून काढला. निघताना म्हणाला, "आपण आपले रन्स शेअर करू. त्यातून माणूस कळतो." आत्याने रविवारपर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलं. उत्तर मीच द्यायचं होतं, पण ते काय असावं हे सगळ्यांना माहीत होतं.

शेअर करायला मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण लागतं. खरं तर मी कुठे आहे, काय करते, कोणासोबत आहे हे कोणालाच सांगावं लागत नाही, असा दिवसातला एकच तास माझ्याकडे होता. तो पळण्याचा. घड्याळाला सगळं कळायचं, पण ते आत्याला फोन करत नसे.

त्याचं घड्याळ एका कंपनीचं, माझं दुसरीचं. त्यांचं आपसात बोलणं नाही. म्हणून मध्ये फोनमधलं हेल्थ ॲप मध्यस्थ. माझ्या घड्याळाने स्वतःच्या ॲपला सांगायचं, त्याने हेल्थ ॲपला, हेल्थ ॲपने मुलाच्या आवडत्या रनिंग ॲपला, आणि मग ते पुण्यात दिसायचं. आमच्याकडे बातमी साधारण याच वाटेने जाते, फक्त लवकर पोहोचते.

सुरुवातीला पुण्यात काहीच पोहोचलं नाही. मुलाचे मेसेज मात्र धडाधड आले. परमिशन दिली का? बॅटरी सेव्हर बंद कर. ॲप काढून परत टाक. इतक्या काळजीने त्याने माझी तब्येत कधी विचारली नव्हती. मग एका सकाळी तेच पळणं दोनदा पोहोचलं, एकदा घड्याळाकडून आणि एकदा फोनकडून, आणि मी दुप्पट पळाले असं दिसलं. "प्राउड ऑफ यू," त्याने लिहिलं. मी ‘थँक्यू’ लिहिलं. होणाऱ्या नवऱ्याचा अभिमान उगाच कशाला मोडायचा?

मग सिंक नीट झालं, आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. मी थांबले की माझं घड्याळ थांबतं, मी पळाले की परत सुरू होतं. मध्यस्थाने सगळं पोहोचवलं, फक्त माझे थांबे गाळले. त्यामुळे घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा अख्खा वेळ मी पळतच होते, तेही चालण्याच्या वेगाने, असा पुण्यात समज झाला. पण न थांबता पळत गेलेल्या मुलीच्या घरी काहीतरी झालं असणार, असं आमच्या इथे धरतात. म्हणून थांबावं लागतं. कॉलनीच्या बाहेर छोट्या पुलाजवळ भाजीचं गाठोडं घेऊन ऑटोची वाट पाहणारी एक काकू असते. ती रोज अडवते.

"काऊन वो पोरी, रोज पळून राह्यली? कोन मांगं लागलं तुह्या?"

"कोणी नाही काकू, व्यायाम."

"व्यायामच पायजे त आमच्या वावरात येजो, सांबार उपटाले. दोन जुड्या घरी बी नेजो."

सांबार म्हणजे कोथिंबीर. तिचा वास सुटलेलं ते गाठोडं मी ऑटोत चढवून देते. ती लग्नाचं विचारत नाही, म्हणून मला ती आवडते.

"आज वॉकला गेली होतीस का?" मुलाने विचारलं. मी माझ्या घड्याळाचा फोटो पाठवून मूव्हिंग टाइम, म्हणजे थांबे वगळून पळाल्याचा वेळ, दाखवला. तो म्हणाला, "मूव्हिंग टाइम ही स्वतःची समजूत असते. रेसमध्ये घड्याळ थांबत नाही." मी रेसमध्ये नाहीये, असं लिहिलं. "आपण सगळेच असतो," त्याने लिहिलं, आणि एक हसरा चेहरा.

शनिवारी त्याने माझ्या रस्त्याचा नकाशा पाठवला. पुलाजवळ, जिथे वेळ जातो पण अंतर वाढत नाही, तिथे लाल गोल काढला होता. "इथे रोज थांबतेस. कोण असतं तिथे?"

मी ‘भाजीवाली काकू’ असं टाइप केलं आणि पुसलं. उत्तर अगदी साधं होतं. पण आज पूल, उद्या दुसरा गोल, परवा तिसरा. मी सेटिंगमध्ये जाऊन शेअरिंग बंद केलं.

थोड्या वेळाने मेसेज आला. "सिंक परत बिघडलंय वाटतं."

"नाही, मी बंद केलं."

त्यावर त्याने विश्वास या विषयावर लांबलचक लिहिलं. मी सगळं वाचलं. माझ्यावर संस्कार चांगले आहेत.

संध्याकाळी आत्या उत्तर घ्यायला आली. "पोरात खोट काय हाय, ते सांग."

"खोट नाही काही. मी पुलाजवळ का थांबते, ते तो विचारतो."

"मंग? विचारनारच ना. उद्या नवरा होनार तो तुहा."

"तेच."

माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा वाद. आत्या आईकडे पाहू लागली, आई बाबांकडे. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आत्याने सरळच विचारलं, "म्हनजे तू नाई म्हनून राह्यली?"

"हो. नाही म्हणते."

आत्याने कपाळाला हात लावला आणि मग मुलाच्या आईला फोन लावला. पत्रिका जुळत नाही म्हणाली. पत्रिका तर कोणी उघडलीच नव्हती. पलीकडून लगेच उत्तर आलं की, त्यांच्या गुरुजींनाही पहिल्यापासून शंका होतीच.

सकाळी मी बुटाची लेस बांधत होते. बाबा फाटकापाशी उभे होते.

"केव्हा येशील?"

"माहीत नाही बाबा."

ते काहीतरी विचारणार होते. मग "बरं" म्हणाले आणि फाटकाची कडी काढून बाजूला झाले.